पहिली एअर रायफल: स्प्रिंगची की पीसीपी?

दारव्ह्याकडच्या एका भाऊंचा फोन होता. पोरगी नववीत, दहा मीटर एअर रायफलला उतरायचं म्हणते; कोणती घेऊ? मी उलट विचारलं, हवा कुठून भरणार?

तो प्रश्न पीसीपीचा (प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी). स्प्रिंगच्या रायफलला तो प्रश्नच नाही. नळी बिजागरीवर खाली मोडायची, स्प्रिंग दबते, छर्रा घालायचा, झालं. खोट आहे ती झटक्यात. पिस्टन सुटला की रायफल आधी मागे येते, मग पुढे उसळते, आणि हे सुरू होतं तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो. घट्ट आवळली की नेम फिरतो. सैल धरायची, आणि दर खेपेला तशीच सैल. आणखी एक, तेल. मी एकदा हौसेनं शिलाई मशीनचं तेल हवेच्या भोकातून सोडलं. पहिल्याच बाराला फटाक्यासारखा आवाज, नळीतून निळा धूर. दाबानं हवा तापते आणि तेल पेटतं. आठवडाभर छर्रे कुठेही जात होते.

पीसीपीत हवा आधीच सिलिंडरमध्ये, साधारण 200 बारवर (बार हे दाबाचं माप). झटका नावापुरता. पण जमवाजमव इथेच आहे. रेग्युलेटर, म्हणजे दाब बांधून ठेवणारा भाग, नसेल तर सिलिंडर रिकामा होत जातो तसा छर्ऱ्याचा वेग बदलतो. रेग्युलेटर असेल तर व्हॉल्व्हपाशी दाब एकच राहतो. मग हॅमरची, म्हणजे व्हॉल्व्हवर आपटून तो उघडणाऱ्या भागाची, स्प्रिंग त्या दाबाशी जुळवायची: ढिली ठेवली तर व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, जास्त कसली तर नुसती हवा वाया जाते. वेग वाढवायच्या नादी लागू नका. दहा मीटरला सेकंदाला 170 मीटरच्या आसपास भरपूर झाला; बघायचं ते पन्नास छर्ऱ्यांत तो किती हलतो एवढंच. हॅमरच्या स्प्रिंगचा स्क्रू पाव फेरा फिरवा, दहा छर्रे मारा, मग पुन्हा हात लावा.

मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत भरलेला सिलिंडर ठेवू नका. सकाळी 25 अंशाला 200 बार असेल तर 45 अंशाला काटा 213 च्या पुढे जातो. हातपंपानं भरता येतं, पण घाम निघतो, आणि पावसाळ्यात हवेतलं पाणी आत जातं. जुनी पीसीपी घेताना सिलिंडरवर कोरलेली मुदत आधी वाचा. मुदत संपलेली असेल तर स्वस्त पडली असं समजू नका.

(रानडुकरांसाठी विचारत असाल तर दोन्ही नकोत. सात-आठ जूलच्या छर्ऱ्यानं जनावर नुसतं जखमी होतं, आणि वर गुन्हा.)

रेंज जवळ असेल आणि पोरगी वर्षभर टिकणार असेल तर पीसीपीच, उशिरा घेतली तरी चालेल. नाहीतर स्प्रिंग. भाऊंचा कापूस अजून घरात आहे. तोवर पोरगी शाळेच्या स्प्रिंगवर सैल धरायला शिकतेय.