टबाखालचा ट्रॅप: पावसाळा काढल्यावर मत बदललं

टबाचं पाणी झटकन उतरतं, वास अजिबात येत नाही. तेवढ्यासाठी लिहायला बसलो नसतो. लिहितोय ते एका रबरी वॉशरपायी.

घर फोंड्याजवळ, तळमजला, चिऱ्याचं जोतं आणि त्यावर काँक्रीट. आईच्या गुडघ्यांना कोमट पाण्यात बरं वाटतं म्हणून टब घेतला. त्याखालचा ट्रॅप, म्हणजे गटाराचा वास अडवायला थोडं पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप, साधा, 40 मिमीचा, हाताने फिरवायच्या नटांचा.

कंत्राटदार म्हणत होता, ट्रॅप बसवू आणि वरून काँक्रीट ओतून मोकळे होऊ. मी अडून बसलो. टबाच्या ड्रेनखाली फूटभर चौकोन मोकळा सोडायला लावला, आतून गिलावा, आणि टबाच्या पुढच्या बाजूला काढता येणारी फरशी. त्याने जादा मजुरी लावली, ती मी घासाघीस न करता दिली. टबाचं भोक आणि जमिनीतला पाइप कधीच तंतोतंत समोरासमोर येत नाहीत; ट्रॅप इकडेतिकडे फिरवायला जागा लागतेच. आपल्याकडे वाळवीचा त्रास, म्हणून पाइपभोवतीची फट तेवढी बुजवून घ्या.

टब रिकामा होताना शेवटी गुडगुड आवाज येतो. ट्रॅपमधलं पाणी ओढलं जाईल अशी भीती होती. पण टबाचा तळ सपाट, शेवटचं पाणी सावकाश येतं आणि सील, म्हणजे वास अडवणारं ते पाणी, पुन्हा भरतं. एप्रिल-मेमध्ये टब बरेच दिवस वापरला नाही, तर मात्र मगभर पाणी ओतायचं, नाहीतर सील सुकतं.

सुरुवातीला मी नटवाल्या ट्रॅपचं सगळ्यांकडे कौतुक केलं. केस अडकले की नट सोडा, धुवा, लावा. चवथीच्या सुमाराला खड्ड्यात पाणी दिसलं. प्लंबर म्हणाला, पावसाचं आहे, जमिनीतून झिरपतंय. मला पटेना. टबात कपड्यांची नीळ कालवून सोडली. गिलावा निळा झाला. वॉशर दबून वाकडं झालं होतं.

विक्रेता म्हणे, वॉशर सुटं मिळत नाही, अख्खा ट्रॅप घ्या. इवल्याशा रबरासाठी! बाजारातल्या हार्डवेअरवाल्याने जुनं वॉशर हातात घेऊन तसंच दुसरं काढून दिलं, किरकोळ पैशांत. काँक्रीट ओतलं असतं तर हेच पाणी जोत्यात मुरत राहिलं असतं आणि आम्ही पावसाला बोल लावत बसलो असतो.

म्हणून मत बदललं. फरशीखाली सॉल्व्हंट सिमेंटने, म्हणजे प्लॅस्टिक पाइप जोडायच्या गोंदाने, चिकटवलेला, साफसफाईच्या प्लगचा ट्रॅप घ्या. नटवाला तिथेच, जिथे हात पोचतो. आणि फरशी बसवण्याआधी पुढचा पाइप बंद करून टब भरा, रात्रभर ठेवा. सकाळी पातळी उतरलेली दिसली तर प्लंबरचे पैसे रोखून धरा.