शेवटचा दिवस बेटावर की भर समुद्रात?

मायामीहून सुटणाऱ्या 7 रात्रींच्या कॅरिबियन क्रूझचा शेवटचा पूर्ण दिवस साधारणपणे दोन प्रकारे जातो: जहाज बहामाजमधल्या एखाद्या बेटाला लागते, किंवा दिवसभर समुद्रातच चालत राहते. पूर्व कॅरिबियनमधल्या पोर्तो रिकोचे बंदर सान हुआन ते मायामी हे अंतर 1,000 सागरी मैलांच्या आसपास असल्याने, ताशी 20 सागरी मैलांच्या वेगाने ते कापायला सुमारे दोन दिवस लागतात आणि पूर्वेकडच्या बेटांवरून थेट परतताना समुद्रातला दिवस टळत नाही. बहामाज मात्र मायामीपासून एका रात्रीच्या अंतरावर आहे.

बेटावरचा दिवस अर्थातच रंगतदार असतो, पण त्याची किंमत संध्याकाळी मोजावी लागते. मोठ्या बॅगा त्याच रात्री चिठ्ठ्या लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात, आणि पोहण्याचे कपडे तेव्हा ओलेचिंब असतात. वाळूने भरलेल्या चपलांसह ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून हातातल्या सामानात कोंबावे लागतात. समुद्रातल्या दिवशी कपडे वाळतात, जहाज बंदरात असताना बंद राहणारी दुकाने उघडी असतात आणि जहाजावरच्या आपल्या खर्चाच्या खात्याचा हिशेबही निवांतपणे तपासता येतो. लहान मुले सोबत असतील तर बेट निवडावे. ज्येष्ठांबरोबर मी समुद्रच निवडेन. फक्त डेकवर सावलीतली खुर्ची मिळवायची तर न्याहारीपूर्वीच वर जावे लागते.