काफ्का, डॉकर आणि भुईकाटा: नऊ महिन्यांनंतर

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका सोयाबीन प्लांटचं सॉफ्टवेअर आम्ही तिघं मिळून सांभाळतो. २०२५ च्या जूनमध्ये तिथं काफ्का (एका प्रोग्रॅमचे मेसेज साठवून बाकीच्यांना देणारं सॉफ्टवेअर) बसवलं, आता फेब्रुवारी संपत आलाय. मधे दसरा-दिवाळीची आवक येऊन गेली आणि लाईट किती वेळा गेली याचा हिशोब सोडून दिला. एक अख्खा हंगाम झाला, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

काम असं आहे. भुईकाट्याच्या केबिनमधला छोटा संगणक गाडीचं वजन वाचतो, लॅबमधून ओलाव्याचा आकडा येतो आणि सायलोतलं तापमान दर काही सेकंदांनी येत राहतं. हे सगळं काफ्कात जमा होतं. बिलिंग, पावती आणि मालकांच्या मोबाईलवरचा डॅशबोर्ड तिथून आपापलं उचलतात. प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे आपापल्या बंद डब्यात आहे. काफ्काची आवृत्ती ४.०, म्हणजे झूकीपर (काफ्कासोबत चालवावा लागणारा समन्वयाचा वेगळा प्रोग्रॅम) कायमचा गेला त्यानंतरची. पूर्वी झूकीपरसकट बसवलेलं असल्यामुळे हा फरक मला लगेच जाणवला. सांभाळायची एक वस्तू कमी झाली.

बसवायला एक दुपार पुरली. जोडायला तीन आठवडे गेले.

त्या तीन आठवड्यांचं कारण एकच सेटिंग: ॲडव्हर्टाइज्ड लिसनर्स. क्लायंट (काफ्का वापरणारा प्रोग्रॅम) पहिल्यांदा ब्रोकरकडे (काफ्काच्या सर्व्हरकडे) जातो तो फक्त पत्ता विचारायला. मेसेज पार्टिशन नावाच्या भागांत वाटलेले असतात. कुठल्या पार्टिशनचा लीडर, म्हणजे तो भाग सांभाळणारा ब्रोकर, कुठे बसलाय, हे ब्रोकर त्याला सांगतो. पुढचा सगळा व्यवहार त्या सांगितलेल्या पत्त्यावर होतो, आपण कॉन्फिगमध्ये लिहिलेल्या पत्त्यावर होत नाही. आमचा ब्रोकर पत्ता सांगत होता ‘लोकलहोस्ट:९०९२’. फोनवर कुणी ‘घरीच आहे, या’ म्हणावं आणि ऐकणाऱ्याने स्वतःच्याच घरी जाऊन दार वाजवावं, तसा प्रकार. कंटेनरसाठी लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतः. लॅपटॉपवर सगळं सुरळीत, कारण तिथं दोघांचं घर एकच होतं.

उपाय माहीत असेल तर दहा मिनिटांचा आहे. दोन लिसनर, म्हणजे ब्रोकरशी बोलायची दोन दारं ठेवायची. एक डॉकरच्या आतल्या नेटवर्कसाठी, ज्याचा पत्ता कंपोजमधल्या (कंटेनर कसे चालवायचे ते लिहायच्या डॉकरच्या फायलीतल्या) सर्व्हिसचं नाव. दुसरा बाहेरून येणाऱ्यांसाठी, ज्याचा पत्ता त्या मशीनचं नाव आणि वेगळा पोर्ट. ब्रोकर आपसात कोणत्या लिसनरवर बोलतील तेही सांगावं लागतं. आणि दोन वेगळ्या कंपोज फायलींतले कंटेनर एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, कारण प्रत्येक प्रोजेक्टचं नेटवर्क वेगळं बनतं. दोन्हींना एकच बाहेरचं नेटवर्क द्यावं लागतं. यात माझा पूर्ण एक रविवार गेला.

एक खूण लवकर कळली असती तर बरं झालं असतं. लॉगमध्ये ‘नोड -१’ शी जोडता येत नाही असं आलं, तर आपण दिलेला सुरुवातीचा पत्ताच चुकलाय. उणे चिन्ह नसलेला नोड दिसला, तर पहिली भेट झाली आणि ब्रोकरने सांगितलेला पत्ता चुकीचा आहे. आता मी काहीही करण्याआधी त्याच कंटेनरच्या नेटवर्कमधून केकॅट (काफ्का तपासायचं छोटं साधन) चालवून ब्रोकर कोणते पत्ते सांगतोय ते पाहतो.

सप्टेंबरच्या शेवटी खरी गंमत झाली. काट्यावरच्या मामांचा फोन आला, “सर, ह्ये बीडच्या गाड्या घेईना गेलंय. लातूरच्या घेतंय.” मी हसलो. पण मामांनी अडकलेल्या गाड्यांचे नंबर वाचून दाखवले, तर त्यांत एमएच २३ खरोखरच जास्त होते. तेव्हा आमचे तिन्ही ब्रोकर एकाच मशीनवर होते, बाहेरचे पोर्ट १९०९२, २९०९२ आणि ३९०९२. तिसऱ्याचा पोर्ट कंपोज फायलीत उघडायचाच राहिला होता. मेसेजची ‘की’, म्हणजे त्याची ओळख, आमच्याकडे गाडीचा नंबर. त्यावरून पार्टिशन ठरतं, आणि सहापैकी दोन पार्टिशनचे लीडर त्या तिसऱ्या ब्रोकरवर. म्हणून ठराविक गाड्या दरवेळी अडकायच्या, बाकीच्या दरवेळी जायच्या. आतून तिसरा ब्रोकर ठणठणीत होता, त्यामुळे लीडर बदलायचं क्लस्टरला (ब्रोकरांच्या गटाला) काही कारणच नव्हतं. बीडचा संबंध निव्वळ योगायोग. मामांना मात्र ते अजून पटलेलं नाही.

तीन ब्रोकर एका मशीनवर ठेवून त्याला क्लस्टर म्हणणं हीही माझीच हौस. तिघांचा प्लग एकच. ऑक्टोबरात तीन जुने डेस्कटॉप घेतले, तीन वेगळ्या खोल्यांत ठेवले, प्रत्येकाला आपला यूपीएस. रेप्लिकेशन ३, म्हणजे प्रत्येक मेसेजच्या तीन प्रती; किमान इन-सिंक प्रती २, म्हणजे त्यातल्या निदान दोन ताज्या हव्यात. त्यानंतर एक मशीन बंद पडलं तरी काटा थांबला नाही. प्रत्येक ब्रोकरला सुरुवातीला १ जीबी हीप (कामाची मेमरी) मिळतो, आमच्या कामाला तो पुरतो.

लाईट जाण्यायेण्याने आणखी एक चूक उघडी पाडली. बाहेरच्या पत्त्यात मी नावाऐवजी आयपी लिहिला होता. एकदा राऊटर परत सुरू झाला आणि त्याने मशीनला नवा आयपी दिला. अख्खा प्लांट सकाळी साडेसहापासून नऊपर्यंत कागदी पावतीवर. आता राऊटरमध्ये आयपी पक्के केलेत आणि काफ्कात फक्त नावं लिहितो.

१३ नोव्हेंबरला ट्रॉलीने केबिनची केबल तोडली. माझा समज होता की प्रोड्यूसर (काफ्कात मेसेज टाकणारा भाग) पाठवत राहील, जोडणी आली की सगळं जाईल. तसं होत नाही. मेसेज पोचवायची डिफॉल्ट मुदत दोन मिनिटं असते, त्यानंतर तो टाकून दिला जातो आणि प्रोग्रॅमला एरर मिळते. आमचा प्रोग्रॅम ती एरर नुसती लॉगमध्ये लिहून पुढे जात होता. आता वजन आधी केबिनमधल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये उतरतं, काफ्काकडून पोच आली की त्या ओळीवर खूण होते. परत पाठवण्यात दुबार होऊ नये म्हणून प्रत्येक वजनाला काट्यावरच पावती क्रमांक मिळतो. काफ्काची स्वतःची दुबार-रोधक सोय प्रोड्यूसरच्या आतल्या पुन्हा पाठवण्यापुरती आहे, आपल्या प्रोग्रॅमने नव्याने पाठवलेलं तिला वेगळंच वाटतं.

किरकोळ: प्रिंटर अडकला आणि कन्झ्युमर (काफ्कातून मेसेज उचलणारा प्रोग्रॅम) पाच मिनिटं परत विचारायला आला नाही, तर त्याला गटातून काढतात आणि त्याच पावत्या दुसऱ्यांदा छापल्या जातात. एका पोलमध्ये, म्हणजे एका वेळच्या विचारण्यात, येणारे मेसेज ५०० वरून १० वर आणले. मेसेज ठेवण्याची डिफॉल्ट मुदत १६८ तास. आमचं ऑफिस दिवाळीला नऊ दिवस बंद असतं, म्हणून आधीच ३० दिवस करून ठेवली होती.

आता पैसे वसूल कशात झाले ते सांगतो. १२ टक्क्यांवर ओलावा गेला की कपात लागते. डिसेंबरात लक्षात आलं की बिलिंगच्या सूत्रात आठवडाभर चूक होती. बिलिंगचा कन्झ्युमर थांबवला, त्याचा ऑफसेट (कुठवर वाचलं त्याची खूण) आठ दिवस मागे नेला आणि परत सुरू केला. दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्या गाड्यांचा हिशोब नव्याने तयार. काट्याला, लॅबला, कुणालाच हात लावावा लागला नाही. जुन्या पद्धतीत यासाठी दोन माणसं आठवडाभर बसली असती आणि तरी शेतकऱ्यांशी वाद झालेच असते.

नुसत्या काट्यासाठी मात्र मी हे परत बसवणार नाही. दिवसाला तीनशे गाड्यांना पोस्टग्रेस डेटाबेसमधलं एक टेबल पुरतं. सायलोचे सेन्सर होते आणि एकच आकडा बऱ्याच ठिकाणी लागत होता, म्हणून इथं जमलं.

मामा कार्बनची वही अजून सोडत नाहीत. जानेवारीत एकदा बसून अख्ख्या हंगामाची वही आणि आमच्या नोंदी ताडून पाहिल्या. फरक तीन गाड्यांचा निघाला. दोन मामांच्या वहीत नव्हत्या. तिसरी आमच्याकडे नव्हती, १३ नोव्हेंबरची.