तांब्याची नाणी तपासायला १० एक्सचं भिंग: पैसे वसूल, फक्त त्याचा लाइट बंद ठेवा

सोनार डोळ्याला लावून बसतात ना, ते घडीचं भिंग. १० एक्स, मेटल बॉडी, बाजूला बारका एलईडी. ऑनलाइन साडेतीनशेच्या आसपास पडलं, नाव घ्यावं असा ब्रँड काही नाही. मी हे फक्त जुन्या तांब्याच्या नाण्यांसाठी वापरतो, त्यामुळे रिव्ह्यूपण तेवढ्यापुरताच, हिरे-माणकं बघणाऱ्यांनी दुसरा रिव्ह्यू शोधा.

आधी एक सांगतो, शेजारीच ३० एक्स, ६० एक्स लिहिलेली भिंगं याच्यापेक्षा स्वस्तात दिसतील, त्या भानगडीत पडू नका. बऱ्याचदा लिहिलंय तेवढं मोठं दिसतच नाही, आणि दिसलं तरी अख्ख्या नाण्यातलं एखादं अक्षर दिसणार आणि चांगलं नाणंसुद्धा खड्ड्यांनी भरलंय असं वाटणार. १० एक्स बास झालं.

आणि ग्रेड, म्हणजे नाणं किती झिजलंय त्यावरून त्याची प्रत, भिंगातून ठरवायचीच नाही. ती आधी नुसत्या डोळ्यांनी, मग भिंग. कंपनी सरकारचा १८३५ चा पाव आणा घ्या, तो सगळ्यांकडे असतोच. मधे ढाल, दोन बाजूंना झेंडे धरलेले सिंह, खाली पट्टीवर लॅटिन अक्षरं. झीज आधी उंच भागावर चढते, म्हणजे सिंहांची आयाळ, ढालीचा मधला भाग, मागच्या बाजूला पानांच्या शिरा. आयाळीचे केस सुटे सुटे दिसतायत तर एक्सएफच्या (एक्स्ट्रीमली फाइन, अगदी कमी झीज) आसपास धरा, सिंहाचा नुसता आकार उरलाय पण पट्टी वाचता येतेय तर फाइन (बरीच झीज) किंवा थोडं वर. राणीच्या पैशावर (१८६२ पासूनचे) कानावरचे केस, गाल आणि ड्रेसवरची नक्षी बघायची. हे सगळं हातभर अंतरावरून कळतं.

मग भिंग कशाला? तर नाण्याला कोणी काय केलंय ते बघायला. आपल्याकडे तांबं दिसलं की हात चिंच-मिठाकडे नाहीतर पितांबरीकडे जातो, देवाच्या तांब्याला ते ठीकच आहे पण नाण्याची त्यात वाट लागते. घासलेलं नाणं भिंगाखाली लगेच पकडलं जातं, सपाट भागावर एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा, रंग गुलाबीसर नारिंगी, आणि अक्षरांच्या कोपऱ्यात मात्र जुना काळा मळ तसाच. लिस्टिंगमधे असल्या नाण्याला बिनधास्त 'यूएनसी रेड' (न वापरलेलं, मूळ लालीसकट) लिहितात आणि दुप्पट भाव लावतात! खरं म्हणजे नाण्याला ७० पर्यंतच्या आकड्यात ग्रेड द्यायची पद्धत विल्यम शेल्डनने १९४९ मधे काढली तीच अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी. आज परदेशी ग्रेडिंग कंपन्या तांब्याला रंगाचं वेगळं अक्षर देतात, आरडी (लाल), आरबी (लाल-चॉकलेटी), बीएन (चॉकलेटी). आरडी मिळायला ९५ टक्क्यांच्या आसपास मूळ लाली शिल्लक लागते, आणि घासलेलं सापडलं की बहुतेक वेळा आकडा न देता नुसतं 'डिटेल्स' लिहून परत पाठवतात. माझ्या मते एकसारखं चॉकलेटी झालेलं, न छेडलेलं व्हीएफ (व्हेरी फाइन, फाइन आणि एक्सएफच्या मधलं) नाणं हे असल्या गुलाबी नाण्यापेक्षा कधीही बरं.

शिवराईला (मराठ्यांचं तांब्याचं नाणं) हे भिंग सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. हाताने ठोकलेलं नाणं, त्यात ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे 'श्री राजा शिव' पूर्ण पडलेली क्वचितच मिळते. विकणारा म्हणतो झिजलंय, स्वस्त देतो, किंवा उलटं म्हणतो ठोकाच हलका होता, नाणं तर कडक आहे. भिंगातून बघा, झिजलेल्या जागी सगळं गुळगुळीत असतं आणि शेजारच्या अक्षराच्या कडापण गोलावलेल्या असतात. ठोका हलका पडलेल्या जागी चकतीची मूळची खरखर तशीच दिसते आणि दोन मिमीवरचं अक्षर मात्र धारदार. दोन्हीत एकच अक्षर गेलेलं असतं, पण ग्रेड एक नाही.

हिरवेपणाचंही तसंच. गडद, कडक, नाण्याला चिकटून बसलेला हिरवा थर असेल तर असू द्या, त्याला हात लावू नका. फिकट हिरवी पावडर दिसली, टूथपिकने सुटली, खाली खड्डा निघाला आणि पावसाळ्यात परत आली तर ते नाणं बाकीच्यांपासून आधी लांब ठेवा, क्लोराइड आणि दमट हवा मिळून आतून तांबं खातायत. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातला चिकट हिरवा थर हा तिसरा प्रकार, तो शुद्ध अॅसिटोनने निघतो (नेलपॉलिश रिमूव्हरने नाही, त्यात इतर चार गोष्टी असतात).

आता लाइटबद्दल. तो एलईडी सरळ वरून मारतो, त्यात रेघाही सपाट होतात आणि तांब्याचा रंग पार बदलतो. बंद ठेवा. टेबल लॅम्प बाजूला लावून नाणं सावकाश फिरवा, मूळ चमक असेल तर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो, पॉलिश केलेलं नाणं सगळीकडून सारखंच चकाकतं. पुण्याच्या जुन्या बाजारात (बुधवार, रविवार) उन्हात बघायला मिळतं हा मोठाच फायदा, ट्यूबलाइटच्या दुकानात असाल तर सरळ नाणं घेऊन दाराशी या, कोणी काही म्हणत नाही.

भिंगाने सगळं होतं असं नाही. कडेला ओतकामाची रेघ किंवा बुडबुड्यांचे टिंब दिसतात पण वजन कळत नाही, १८३५ चा पाव आणा साधारण ६.४८ ग्राम भरायला हवा, त्यामुळे खिशातला काटा सोबत घ्याच. आणि कंपनीचं म्हणून विकल्या जाणाऱ्या १८१८ च्या 'रामदरबार' (राम-सीतेचं चित्र असलेल्या) नाण्याला भिंग लावायची तसदीच घेऊ नका, कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. तांदूळ ओढणारं चमत्कारी नाणं म्हणून कोणी विकायला आलं तर भिंग खिशात आणि आपण घरी.

तक्रारी दोन. काचेच्या कडेला चित्र वाकडं दिसतं, मधलाच भाग कामाचा. आणि घडीचा स्क्रू सैल होतो, मेटल बॉडी सटकून नाण्यावर आपटली तर तुम्हीच नवीन ओरखडा पाडणार, म्हणून खाली जाड कापड घेऊनच बघा. पाचपैकी चार स्टार, एक त्या स्क्रूचा कापला. त्याच्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकलाय, सध्या घट्ट आहे.