ब्रिटिश म्युझियममधलं मेसोपोटेमिया: आधी सुमेर, मग असिरिया

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये शिरलं की बहुतेकांचे पाय तळमजल्यावरच्या असिरियन दालनांकडे वळतात. मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) दक्षिणेतली सुमेर आणि उत्तरेतली असिरिया, या दोन्ही संस्कृती ताडून पाहायच्या असतील तर तो मोह आवरा आणि आधी वरच्या मजल्यावरचं 56 क्रमांकाचं दालन गाठा. असिरियन राजधानी खोर्साबादचे चार मीटरहून उंच पंखधारी बैल पाहून झाले, की सुमेरच्या वीतभर वस्तूंवर नजर ठरत नाही.

हा फरक पराक्रमाचा नाही, मालाचा आहे. दक्षिणेत सुमेरच्या ऊर शहराच्या आसपास चांगला दगड मिळतच नाही. बांधकाम मातीच्या विटांचं. त्याची टेकाडं झाली आणि उरलं ते मुख्यतः थडग्यांतलं. उत्तरेत मोसूलकडे जिप्समचा मऊ दगड मुबलक, म्हणून असिरियन राजांनी महालांच्या भिंती कोरीव शिलापटांनी मढवल्या. (असे काही शिलापट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही आहेत.)

56 मध्ये सर्वाधिक वेळ 'स्टँडर्ड ऑफ ऊर'ला द्या. इ. स. पूर्व 2500च्या सुमाराची ही पेटीसारखी वस्तू जेमतेम अर्धा मीटर लांब. शिंपले, तांबडा चुनखडक आणि अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द हा निळा दगड, सगळं डांबरात बसवलेलं. एका बाजूला युद्ध, दुसरीकडे मेजवानी. चित्रपट्ट्या खालून वर वाचायच्या. वरून सुरुवात केली तर राजा आधी दिसतो आणि गोष्ट उलटी होते. पेटीचा आकार मात्र पुनर्रचित आहे, मूळ लाकूड कुजलं होतं. ऊरच्या थडग्यांत सिंधू खोऱ्यातले नक्षीदार कार्नेलियन (तांबड्या दगडाचे) मणीही सापडले आहेत. आपल्याकडच्या पाहुण्याने ते चुकवू नयेत.

शेजारच्या 55मध्ये अशुरबनिपालच्या निनवे येथील ग्रंथालयातली, गिल्गमेश महाकाव्यातल्या जलप्रलयाची मातीची पाटी आहे. राजा असिरियन, पण गिल्गमेश सुमेरमधल्या उरुकचा. तलवारीने जिंकणाऱ्यांनी विद्या दक्षिणेकडूनच घेतली, याचा याहून चांगला पुरावा या इमारतीत नाही.

आता खाली. 10अ मधली सिंहाची शिकार हा असिरियन कलेचा कळस. कोरीवकाम उथळ आहे, त्यामुळे समोरून सपाट वाटतं. थोडं तिरकं उभं राहा, आयाळीचे केस आणि ताणलेले स्नायू उठून दिसतात. पिंजऱ्यातून सोडलेला सिंह, बाण, मेलेल्या सिंहांवर राजाने ओतलेलं अर्घ्य, या क्रमाने चाला. पट मुळात रंगवलेले होते. रंग उडाल्याने आज ते आहेत त्यापेक्षा संयत वाटतात. 10ब मध्ये असिरियनांनी यहुदी नगर लाखीशला घातलेला वेढा आहे. कौशल्य वादातीत, पण प्रचारकी.

कायमची दालनं मोफत आहेत, तरी वेळेचं तिकीट ऑनलाइन घ्या. मागचं माँटेग्यू प्लेसचं दार वरच्या दालनांना जवळ पडतं. शुक्रवारी संध्याकाळी साडेआठपर्यंत उघडं असतं. काही दालनं ऐनवेळी बंद ठेवतात, तेव्हा त्याच दिवशी संकेतस्थळ पाहून निघा.

आणि 10क मधल्या बैलांकडे गेलात तर एकाच्या पायथ्याशी वाका. कुणीतरी तिथे वीस घरांच्या खेळाचा पट खरवडलाय. याच कुळातला, त्या बैलांहून सुमारे 1900 वर्षं जुना देखणा पट वर 56मध्ये पाहिलेला असेल.