वंशावळ की गाठ?
जठराच्या कर्करोगात गाठ रोखणारी जनुके शोधण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला वंशावळीचा: १९९८ साली न्यूझीलंडमधील माओरी कुटुंबांमधून सीडीएच१ हे जनुक हाती लागले. त्यापासून बनणारे, पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन नाहीसे झाले की काय होते, ते आम्ही बडोद्यात काचपट्टीवर पाहतो: सुट्या, श्लेष्म्याने फुगलेल्या पेशी आणि अंगठीच्या खड्यासारखे कडेला सरकलेले केंद्रक. दुसरा मार्ग गाठीतील डीएनए निरोगी ऊतीशी ताडून पाहण्याचा. त्यातून एआरआयडी१ए हे जनुक सापडले, मात्र मिथिलीकरणाने, म्हणजे डीएनएवर मिथाइल गट चिकटल्याने, गप्प झालेले जनुक केवळ अक्षरक्रम वाचून दिसत नाही. आनुवंशिक रुग्ण जेमतेम १ ते ३ टक्के. तरीही एकाच घरात दोघांना हा आजार असेल, तर मी आधी वंशावळच मागेन, कारण तिच्यामुळे अजून धडधाकट असलेल्या भावंडांची वेळेत तपासणी करता येते.