'फोर व्ह्यूज ऑन हेल': नरकावरच्या वादाचं पुस्तक, आणि ते कसं वाचावं

देव प्रीती आहे, असं योहानाचं पहिलं पत्र (4:8) सांगतं. मत्तय 25:46 मध्ये काही जण सार्वकालिक शिक्षेकडे जातात. या दोन वचनांचा मेळ कसा घालायचा, यावर बायबलला प्रमाण मानणारेच अभ्यासक एकमेकांशी कसे वाद घालतात ते समजून घ्यायचं असेल, तर झोंडरव्हन प्रकाशनाच्या 'काउंटरपॉइंट्स' मालिकेतलं हे इंग्रजी पुस्तक घ्यावं. संपादक प्रेस्टन स्प्रिंकल. आवृत्ती मात्र तपासून घ्या, 2016 ची दुसरीच हवी. 1990 च्या दशकातल्या पहिल्या आवृत्तीचं नाव हेच, पण लेखक सगळे निराळे, आणि सर्वांचं तारण होईल ही बाजू मांडणारा लेखच तिच्यात नाही.

रचना सोपी आहे: चार लेख, आणि प्रत्येक लेखावर उरलेल्या तिघांची उत्तरं. वाचण्याआधी तीन विधानं कागदावर लिहून ठेवा. सर्वांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे (1 तीमथ्य 2:4). देवाचा संकल्प शेवटी सिद्धीस जातोच (इफिस 1:11). काही माणसं कायमची नाश पावतात (2 थेस्सलनीका 1:9). तिन्ही एकाच वेळी पूर्णार्थाने खरी धरता येत नाहीत. टॉमस टॅलबॉट या तत्त्वज्ञाने हा पेच नीट मांडला आहे. कोणता लेखक यातलं कोणतं विधान सैल करतो, ते समासात टिपत जा. नाहीतर वचनांच्या गर्दीत मूळ प्रश्नच हरवतो.

डेनी बर्क पारंपरिक बाजू मांडतो: शिक्षा अंतहीन, आणि भोगणारा शुद्धीवर. त्याचा सुरुवातीचा दाखला लक्षात राहतो. एक माणूस नाकतोड्याचे पाय उपटतो, मग बेडकाचे, पक्ष्याचे, कुत्र्याच्या पिल्लाचे, शेवटी बाळाचे. कृती तीच, पण अपराध वाढत जातो. म्हणून अनंत देवाविरुद्धच्या पापाला अनंत शिक्षा. मध्ययुगीन धर्मपंडित अँसेल्मपासून चालत आलेला हा युक्तिवाद दोन ठिकाणी अडखळतो. प्रत्येक पाप अनंत असेल, तर लूक 12:47-48 मधले जास्त फटके आणि थोडे फटके कशासाठी? दुसरी अडचण त्याच्याच वचनांत आहे. मार्क 9:48 मधला न मरणारा किडा यशया 66:24 मधून आलेला आहे, आणि तिथे किडे-आग आहेत ती प्रेतांवर. प्रेताला वेदना होत नाही. बर्कची दहा उताऱ्यांची छाननी शिस्तशीर आहे, त्याबद्दल त्याचा आदर वाटतो. पण देवाच्या प्रीतीबद्दल विचारलं की त्याचा लेख न्यायाकडे वळतो आणि तिथेच थांबतो.

जॉन स्टॅकहाउसचा लेख आधी वाचा, असं आम्ही सुचवू. त्याच्या मते दुष्टांना पापाच्या मापाने दुःख भोगावं लागतं आणि मग त्यांचं अस्तित्वच संपतं. सार्वकालिक असतो तो परिणाम. मत्तय 10:28 मध्ये आत्मा आणि शरीर दोन्हींचा नाश म्हटला आहे. यहूदाच्या पत्रात (7) सदोम नगराला सार्वकालिक अग्नीची शिक्षा झाली, पण सदोम आज जळत नाही. इथे बाजू भक्कम आहे. ती लंगडी पडते प्रकटीकरण 20:10 वर, कारण तिथे रात्रंदिवस, युगानुयुग पीडा असं स्पष्ट लिहिलं आहे. शिवाय मत्तय 25:46 मध्ये जीवन आणि शिक्षा दोन्हींना एकच विशेषण आहे. ऑगस्टीनने पाचव्या शतकात याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. जीवन अखंड, मग शिक्षा का नाही? ते वचन स्वतः उघडून बसल्याशिवाय स्टॅकहाउसचं उत्तर स्वीकारू नका.

रॉबिन पॅरी सर्वांच्या तारणाकडे झुकलेला आहे. त्याच्या मते नरक खरा आहे, पण शेवटचा शब्द त्याचा नाही. तो कलस्सै 1:15-20 वर उभा राहतो: जे सर्व निर्माण झालं, त्या सर्वांचा समेट. प्रकटीकरण 21:24 मध्ये नव्या यरुशलेमेत येणारे पृथ्वीचे राजे 19 व्या अध्यायात कोकऱ्याच्या शत्रूंत होते, आणि 21:25 प्रमाणे त्या नगरीच्या वेशी बंदच होत नाहीत. हे वाचताना मन हलतं. पण अग्नीच्या सरोवरातून कोणी बाहेर आल्याचं एकही वचन दाखवता येत नाही, आणि लूक 16:26 मधली, ओलांडता न येणारी दरी उरतेच.

जेरी वॉल्सला पुस्तकात चुकीची जागा मिळाली आहे. हा प्रोटेस्टंट तत्त्वज्ञ शुद्धिस्थानाची (मरणानंतर आत्मा शुद्ध होण्याच्या अवस्थेची) बाजू मांडतो, पण ते तारण झालेल्यांसाठी असतं, नरकाला पर्याय म्हणून नव्हे. म्हणजे नरकावरची मतं खरं तर तीनच. तरीही प्रेमाच्या प्रश्नाला थेट भिडणारा लेख हाच आहे. प्रेम जबरदस्तीने घेता येत नाही, म्हणून दुसरं विधान सैल होतं; आणि देव खरोखर प्रेम करत असेल, तर मरणानंतरही पश्चात्तापाची वाट तो का बंद करील, असा त्याचा सवाल आहे. इब्री 9:27 त्याच्यापुढे ठेवलं जातं, पण त्या वचनात मरणानंतर न्याय आहे एवढंच म्हटलं आहे. तो किती लगेच होतो, हे नाही.

उणिवा मोठ्या आहेत. चारही लेखक प्रोटेस्टंट वर्तुळातले. निनवेचा बिशप इसहाक सातव्या शतकात म्हणाला की नरकातल्यांना प्रीतीचेच आसूड बसतात. त्या पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेला स्वतंत्र लेख नाही. वसई-गोव्यातल्या कॅथलिक वाचकाने सोबत कॅथलिक चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षा-ग्रंथाचा 1033 वा परिच्छेद वाचावा, ज्यात नरक म्हणजे माणसाने स्वतःहून स्वतःला देवापासून कायमचं तोडणं, असं म्हटलं आहे.

आणि ज्यांनी सुवार्ता ऐकलीच नाही, त्यांच्यावरही स्वतंत्र लेख नाही. मराठी ख्रिस्ती घरांत आजी-आजोबा, मामा-मावशी हिंदू असतात. तिथे हाच प्रश्न सर्वांत आधी येतो. त्यासाठी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1964 च्या चर्चविषयक संविधानाचा 16 वा परिच्छेद पाहावा. अभ्यासगटाला पुस्तक चार बैठकांत बसतं, दर बैठकीला एक लेख आणि त्यावरची तिन्ही उत्तरं. नुकतंच कोणी गमावलेल्या माणसाच्या हाती मात्र ते देऊ नका.